डोळ्याच्या आतला फोटो

गळा आतून आवळत आला तेव्हा माझी हनुवटी यंत्राच्या वाटीत होती आणि कपाळ पट्ट्याला टेकलेलं होतं. हाताच्या शिरेत सुई तशीच होती. डोळ्यासमोर निळा उजेड. श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजत होता आणि पुरता आत जातच नव्हता. शेजारी बसलेला फोटोवाला आपल्या पडद्याकडे पाहून म्हणत होता, "बिलकुल हलू नका आजी. मस्त फोटो येऊन राह्यले आता."

मी हलले नाही. हलायचं नाही, बोलायचं नाही, हे त्याने माझ्या डोक्यात इतकं कोंबलं होतं की जीव जात असताना मी फोटोसाठी बसून राहिले. ओठ सुजून जड झाले. मानेवर आणि छातीवर कोणी निखारे टाकावेत तशी आग सुटली. डॉक्टरीणबाई नुकतीच उठून शेजारच्या खोलीत गेली होती, कोण्या पुढाऱ्याची सासू चष्मा बदलायला आली होती म्हणून. खोलीच्या दाराशी माझी धाकटी जाऊ उभी होती. तिला आत यायची परवानगी नव्हती, पण ती परवानगीची बाई नाही. तीच ओरडली.

"ओ भाऊ! तिचं तोंड पाहा ना, टीव्ही काय पाहून राह्यले! मरून राह्यली ना ती!"

फोटोवाला मान न वळवता म्हणाला, "मावशी, तुम्ही बाहेर बसा."

हे असं का झालं ते आता सांगते, कारण गावात ही गोष्ट जाऊच्या तोंडून फिरते आणि तिच्या तोंडून गोष्ट धड बाहेर पडत नाही.

माझा उजवा डोळा आधीच गेला होता. साखरेनं गेला, आणि साखरेपेक्षा जास्त एका माणसानं घालवला. केनवडला डोळ्यांचं शिबिर भरलं होतं. तिथं एकाने बॅटरी मारून सांगितलं, मोतीबिंदू आहे, पिकला की या. मोतीबिंदू नव्हताच. डोळ्याच्या आत रक्त उतरत होतं. मी पिकायची वाट पाहत बसले आणि डोळा विझला. त्या माणसाचं तोंड मला आठवत नाही, नाहीतर इथं चांगलं रंगवून लिहिलं असतं.

मग डाव्या डोळ्याचं सुरू झालं. दाराची चौकट मधेच पोट आल्यासारखी वाकडी दिसायची. तांदळातला खडा दिसेना. समोरच्या माणसाचे कान दिसत आणि नाकाच्या जागी डाग. मी किन्हीराजाला एकटी राहते. स्वतः रांधते, स्वतः खाते, कोणाचं ऐकून घेत नाही. हाही डोळा गेला असता तर मुलाकडे पुण्याला जावं लागलं असतं. तिथं वरच्या मजल्यावर गॅलरीत खुर्ची टाकून सून मला बसवणार आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हळू आवाजात सांगणार, आईंना दिसत नाही. त्यापेक्षा मेलेलं बरं, हे मी मुलाला फोनवर स्पष्ट सांगितलं. मुलगा म्हणाला, "काकूले संग घेऊन वाशीमले जाय. मले सुट्टी नाई."

काकू म्हणजे हीच जाऊ. आमच्या चुली वेगळ्या झाल्या तेव्हापासून आमचं वाकडं. वाटण्या झाल्या त्या दिवशी पाटा तिनं उचलला म्हणून वरवंटा मी उचलला. तिला वरवंट्याशिवाय वाटता आलं नाही आणि मला पाट्याशिवाय. पण दोघींपैकी कोणी मागायला गेलं नाही. ती माझ्याबरोबर आली ती प्रेमाने नाही. एसटीत बसल्या बसल्याच तिनं सांगितलं, "मले बाजारात चपला घ्याच्या हायेत. तुह्यासाठी नाई येऊन राह्यली."

"मी बोलावलंच कुठं तुले?" मी म्हटलं. वाशीम येईपर्यंत बोलणं तेवढंच.

दवाखान्यात डोळ्यात थेंब टाकले. ते इतके झोंबले की टाकणाऱ्या पोरीचा हातच धरला मी. बाहुली मोठी झाल्यावर सगळीकडे उजेडच उजेड, माणसं पांढऱ्या भुतांसारखी. मग त्या खोलीत नेलं. तिथला फोटोवाला चांगला पोट सुटलेला, केस रंगवलेला माणूस. त्याला लवकर उरकायची इतकी घाई की वाटावं बाहेर त्याची गाडी सुटत होती. त्याने सांगितलं, हाताच्या शिरेतून पिवळं औषध जाईल, ते रक्ताबरोबर डोळ्यात पोचेल, यंत्रातला लेसर त्याच्यावर पडला की ते चमकेल, आणि त्या चमकेचा फोटो निघेल. जिथं शीर गळते तिथं पिवळं साचलेलं दिसेल. एवढं त्याने एका दमात सांगितलं आणि पुढे म्हणाला, "हनुवटी इथं. कपाळ इथं. हलू नका. बोलू नका. डोळा सताड उघडा ठेवा."

मी डोळा सताड उघडा ठेवला. आमच्या वयाच्या बायांना हे शिकवावं लागत नाही. आमच्या वेळी लग्नात फोटोवाला वाशीमहून यायचा आणि जोडीचा एकच फोटो काढायचा. माझ्या चुलतबहिणीची त्या फोटोत पापणी मिटलेली आली. तिची सासू तो फोटो पाहुण्यांना दाखवून म्हणायची, ही पाहा आमची आंधळी सून. ती बाई मरेपर्यंत म्हणत होती. तेव्हापासून आमच्या घरात पोरींना दम दिलेला असायचा की फोटो निघेपर्यंत पापणी लवली तर थोबाडीत बसेल. माझा कोणताही फोटो काढून पाहा, घुबड बसल्यासारखी दिसते.

तशीच बसले. औषध आत गेलं. निळा उजेड पुढे धावायला लागला, बारीक बारीक रेघांनी, वरून खाली, परत वरून खाली. डोळा कोरडा पडला, वाळू गेल्यासारखा खुपायला लागला, पाणी यायला लागलं, तरी मी पापणी पाडली नाही. मग पोटातून उमळून आलं. पट्ट्यावरून डोकं काढून मी बाजूच्या डब्यात ओकले, तोंड पुसलं आणि पुन्हा हनुवटी ठेवून डोळा वासून बसले. फोटोवाला म्हणाला, "वा, आजी." तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता त्या बरं वाटण्याचा राग येतो.

बाहेर आल्यावर अंगाला खाज सुटली. दंडावर गांधी उठल्या. मी परत आत जाऊन त्याला दाखवलं. त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, "होते असं. जिरून जाते." जिरून गेलं खरं. त्याने ते कोणाला सांगितलं नाही.

पण पिवळेपणा जिरला नाही. तोंड, हात, नखांच्या कडा, सगळं पिवळंधमक. जाऊ बाकड्यावर बसून नवीन चपला पायात घालून पाहत होती. तिनं मान वर केली आणि इतकी हसली की बाजूचे रोगी पाहायला लागले.

"काय वं बाई, या वयात हयद लागली तुले? नवरदेव कोन हाय? तो पोटवाला?"

"तुह्या नवऱ्याले इचार वर गेल्यावर," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईने फोटो पाहिले आणि आम्हाला आत बोलावलं. बाई तरुण नाही, म्हातारीही नाही, आणि गोड तर मुळीच नाही. तिनं फोटोवाल्यालाही बोलावून घेतलं.

"हे काय आहे?" ती म्हणाली. "हा डोळ्याचा फोटो आहे की भिंतीचा पोपडा?"

"मॅडम, बाहेर रांग आहे. फास्टवर घेतले."

"फास्टवर घेतले म्हणून फास्टमध्ये कचरा आला. शिरा कुठे आहेत यात? हे सगळं दाणेदार काय आहे? एकावर एक का नाही घेतले?"

"आजीचा डोळा हलते, मॅडम."

"माहा डोया हालला नाई," मी मधे बोलले. "पापनीबी लवली नाई एकदाही."

डॉक्टरीण माझ्याकडे वळली. "एकदाही नाही?"

"नाई."

"कोणी सांगितलं?"

मी बोट दाखवलं. तो म्हणाला, मी फक्त हलू नका म्हटलं. मी म्हटलं, तू म्हटलं सताड उघडा ठेव. तो म्हणाला, सताड म्हणजे काय कायमचा? जाऊ मधेच म्हणाली, "तुमी सांगा ना बाप्पा नीट, आमाले काय मालूम तुमचं सताड." तिनं माझी बाजू घेतली असं समजू नका, तिला भांडण कोणाचंही चालतं.

तेव्हा डॉक्टरीणबाईने समजावलं. तिची भाषा दवाखान्याची होती, मी माझ्या पद्धतीने समजून घेतलं. लेसरचा ठिपका एका वेळी एकाच जागी पडतो. तो रेघेरेघेने डोळ्याच्या आतल्या सगळ्या पडद्यावरून फिरतो, वावरात तिफण फिरते तसा. तिफण पळवली तर एकेका जागी दाणा कमी पडतो आणि उगवण विरळ होते. तसाच ठिपका पळवला की एकेका जागेवरून चमक थोडीशीच परत येते, आणि फोटो दाणेदार निघतो, खरी शीर कोणती आणि नुसता कोंडा कोणता ते कळत नाही. हळू फिरवला तर तेवढ्यात डोळा सरकतो आणि रेघा वाकड्या पडतात. म्हणून ठिपका पळवायचाच, पण त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा, आणि ते सगळे फोटो यंत्राने एकावर एक नीट बसवायचे. कोंडा प्रत्येक वेळी वेगळ्या जागी असतो, तो पुसला जातो. शीर प्रत्येक वेळी तिथंच असते, ती ठळक होते. यंत्राला हे येतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो, आणि फोटोवाल्याकडे वेळ नव्हता.

आणि पापणी. डोळ्यावर पाण्याचा पातळ थर असतो, पापणी लवली की तो सारवल्यासारखा सारखा होतो. मी पापणी धरून ठेवली म्हणून तो थर फाटला आणि लेसर धुळकट काचेतून गेल्यासारखा गेला. वरून खुपायला लागला तेव्हा डोळा आत थरथरत होता, मला कळत नव्हतं तरी.

"मग आता?" मी विचारलं.

"गळती मधल्या नजरेच्या अगदी जवळ आहे. लेसरने ती जागा बंद करता येते. पण केसभर चुकलं तर उरलेलं दिसणंही जाईल. या फोटोच्या भरवशावर मी हात लावणार नाही."

"मंग कायले टोचलं मले?"

ती म्हणाली, "पुन्हा काढावा लागेल. मी स्वतः बसेन."

परत जाताना एसटीत जाऊ म्हणाली, "तू घुबडासारखी पाहत राह्यली म्हून माहा अख्खा दिस वाया गेला." मी म्हटलं, चपला तर घेतल्या ना. घरी गेल्यावर लघवीसुद्धा हळदीच्या पाण्यासारखी झाली. ते मी तिला सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई खरंच स्वतः बसली. पहिल्यांदा तिनं यंत्राची काच पाहिली आणि फोटोवाल्याला विचारलं, ही शेवटची कधी पुसली होती. तो म्हणाला, सकाळी. तिनं पुसलेला कागद त्याच्यापुढे धरला. त्यावर लोकांच्या पापण्यांचं काजळ आणि तेल होतं. तो कागद मी पाहिला नाही, जाऊने दारातून पाहिला आणि मोठ्याने सांगितला.

मी हनुवटी ठेवली, कपाळ टेकवलं. सुई टोचून झाली. तेव्हा डॉक्टरीणने विचारलं, "मागच्या वेळी औषधाचा काही त्रास झाला होता?" मला वाटलं, बोललं की डोकं हलेल आणि बसवलेलं सगळं मोडेल. मी तोंड उघडायच्या आत फोटोवाला म्हणाला, "फक्त ओकारी झाली, मॅडम." ओकारी पुष्कळांना होते. तिनं मान हलवली आणि औषध सोडलं.

मग ती एका सुरात बोलत राहिली. "लववा. उघडा. हिरव्या ठिपक्याकडे पाहा. थांबा. लववा." प्रत्येक फोटोच्या आधी लवव, मग थांब. फार सोपं होतं. इतकं सोपं की मागच्या खेपेला कोणी सांगितलं असतं तर मी दुसऱ्यांदा आलेच नसते. हिरवा ठिपका मला नागमोडी दिसत होता, तरी मी त्याला धरून राहिले. पहिल्या धारेचे फोटो तिनं भराभर घेतले, कारण औषध डोळ्यात पोचतं तो क्षण थांबत नाही. मग त्याच त्या जागेवरून पुन्हा पुन्हा. "आता दिसलं," ती म्हणाली, माझ्याशी नाही, स्वतःशी. तेवढ्यात कोणी दारावर टकटक केली, पुढाऱ्याच्या सासूबाई वाट पाहत आहेत म्हणून. ती फोटोवाल्याला म्हणाली, पुढचे असेच घे, घाई करू नको. आणि गेली.

त्याने या वेळी खरंच घाई केली नाही. पडद्यावर चांगले फोटो येत होते तर तो त्यांच्यावरून नजर काढायला तयार नव्हता. माझ्या गळ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

जाऊ ओरडली, त्याने तिला बाहेर बस म्हटलं, ते वर सांगितलं. ती बाहेर बसली नाही. आत शिरली, माझे खांदे धरून मला पट्ट्यावरून मागे ओढलं आणि डॉक्टरीणच्या नावाने अशी बोंब ठोकली की रस्त्यावरचे ऑटोवाले आत आले. मी खुर्चीवरून घसरले. खालची फरशी थंड होती. डॉक्टरीण धावत आली, माझं लुगडं मांडीपर्यंत सारलं आणि तिथं इंजेक्शन खुपसलं. तोंडावर हवेची नळी बसवली. कोणी तरी म्हटलं, पाय वर धरा.

पाय जाऊने धरले. तशा अवस्थेत मला ऐकू येत होतं, ती म्हणत होती, "पाह्य बाई, जन्मभर तुह्या पाया नाई पडली मी. आता धरले. मरू नको, नाईतर लोक म्हनतीन पाय धरले म्हून मेली."

मला हसू आलं नाही. हवा आली. आधी थोडी, मग पुरती.

संध्याकाळपर्यंत तिथंच झोपवून ठेवलं. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणने पुन्हा तेच विचारलं, मागच्या वेळी अंगावर काही उठलं होतं का. जाऊ म्हणाली, "गांधी उठल्या होत्या ना अंगभर. या भाऊले दाखवल्या ना तिनं." डॉक्टरीणने फोटोवाल्याकडे पाहिलं. खोलीबाहेर नेऊन ती त्याला जे बोलली ते भिंतीतून ऐकू आलं, आणि मी ते मन लावून ऐकलं. नंतर तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आजी, मॅडमने विचारलं तेव्हा तुम्ही बोलल्या काहून नाही?"

"तूच म्हटलं ना, बोलू नको."

माझ्याकडे त्याच्यासाठी माफी नव्हती. डॉक्टरीणसाठीही नाही. तिनं मला वाचवलं हे खरं, पण सासूबाईचा चष्मा थांबू शकत होता.

तिनं बजावलं, हे औषध पुन्हा जन्मात घ्यायचं नाही, कोणी टोचायला आलं तर आधी हे सांगायचं. म्हणजे फोटो जे निघाले तेवढेच. औषध साचल्यावर उशिरा काढायचे फोटो निघालेच नव्हते. ती पडद्यासमोर बरंच बसली. मग मला खुर्चीत बसवून तिनं दोन्ही खेपांचे फोटो शेजारी शेजारी लावले, मोठे करून. डाग मधे असूनही मी कडेकडेने पाहिलं. एकात नुसती राख होती. दुसऱ्यात काळ्या जमिनीवर पांढऱ्या फांद्या, बारीक होत होत मधल्या रिकाम्या जागेपाशी येऊन थांबलेल्या, आणि कडेला काही टिंबं अशी पेटलेली की बोट ठेवता यावं.

"हा तोच डोया?" मी विचारलं.

"तोच."

"एवढे पुरतीन?"

"पुरतील," ती म्हणाली.

पुढे एका दिवशी त्या टिंबांवर लेसर मारला. ते यंत्र वेगळं, उजेड वेगळा, टोचणी नाही. तिनं लववा म्हटलं की मी लववलं. नंतर कित्येक आठवडे काही फरक पडला नाही, तेव्हा मी सगळ्यांना शिव्या दिल्या. मग हळूहळू चौकटीचं पोट कमी झालं. पूर्ण सरळ झाली नाही. सुईत दोरा अजून जात नाही, तांदळातला खडा दिसतो. मुलगा फोनवर म्हणतो, आता तरी ये इकडे. मी येत नाही म्हणते. तो रागावतो. सुनेला मात्र बरं वाटत असेल, तेवढं तिचं भलं.

फोटोवाला अजून तिथंच आहे. तपासणीला गेले की त्याचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येतो. प्रत्येक म्हाताऱ्या माणसावर ओरडतो, "लववा! लववा म्हणतो ना! कोणी सांगितलं नाही लववायचं?" जणू ही अक्कल तो आईच्या पोटातून घेऊन आला.

जाऊ विहारात वंदना संपली की बायांना सांगत बसते, मी नसते तर ही गेली होती. दर वेळी गोष्ट थोडी मोठी होते. मागच्या पौर्णिमेला तर तिनं फोटोवाल्याच्या कानाखाली मारल्याचंही सांगितलं. मारली नव्हती. मारायला पाहिजे होती.

गळा माझा आवळला होता, तिचा नाही. त्या खोलीतून मी जिवंत बाहेर आले, आणि डावा डोळा माझ्याबरोबर आला.